तिसऱ्या पानावरची सरासरी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

इतकी वर्षं आणि एवढी फी घालून पदवी घ्यायची, आणि बाहेर पडेपर्यंत ते काम कृत्रिम बुद्धिमत्तेचं यंत्रच करत असेल तर? हा तुझा प्रश्न.

भाकितं ऐकून शाखा निवडू नकोस, एवढं आधी सांगतो. २०१६ साली कृत्रिम बुद्धिमत्तेतले संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट, म्हणजे एक्स-रे आणि स्कॅन वाचणारे डॉक्टर, घडवणं आता थांबवा. पाच वर्षांत, फार तर दहा, यंत्र त्यांच्यापेक्षा सरस ठरेल. हिंटन कोणी ऐरेगैरे नव्हेत, याच क्षेत्रातल्या कामासाठी २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. तरी स्कॅन वाचणारी सॉफ्टवेअर आली आणि रेडिओलॉजिस्टही राहिले. ते भाकीत ऐकून कोणी तो अभ्यासक्रम टाळला असेल, तर त्याची हळहळ वाटते.

मला धास्ती आहे ती वेगळीच. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी दिवसभर आकडे ताडून बघायचो. निव्वळ हमाली. एकदा बेरीज तंतोतंत जुळली, तरी काहीतरी खटकलं. शोधलं तर एक नोंद दोनदा धरलेली आणि तेवढ्याच रकमेची दुसरी गाळलेली! ते खटकणं पुस्तकातून आलं नव्हतं, हमालीतच अंगात मुरलं होतं. आज नवशिक्याची नेमकी हीच कामं यंत्राकडे चालली आहेत. मग हात बसायचा कुठे? आता कॉलेजातच बसवावा लागेल, आणि माझ्या पाहण्यातली कॉलेजं अजून कॉपी पकडण्यातच गुंतली आहेत.

तुझा प्रकल्प अहवाल वाचला. भाषा गुळगुळीत. तिसऱ्या पानावर गहाळ नोंदींच्या जागी सरासरी घातली आहेस. का, असं फोनवर विचारलं तर तू गप्प. रागावलो नाही, तुझ्या वयात मीही दुसऱ्याची वही उतरवली आहे. पण उतरवताना निदान हात तरी दुखायचा.

यापुढे पहिला खर्डा स्वतः लिही, मग यंत्राला दाखव, आणि त्याने काही बदललं तर ते का, हे तुला सांगता आलं पाहिजे. त्याने दिलेले संदर्भ ग्रंथालयात जाऊन तपास. नसलेली पुस्तकंही ते बिनदिक्कत सांगतं. कॉलेज निवडताना मात्र तिथल्या मुलांना एक विचार: तोंडी परीक्षा कसून घेतात का?

अहवाल परत पाठवतोय. त्या नोंदी वगळून गणित पुन्हा कर आणि उत्तर किती हललं ते रविवारी फोन करून सांग.