केअर वर्करचा व्हिसा की सोशल वर्करची नोकरी?

ताई, तुम्ही वणीला संस्थेत कंत्राटावर आहात, एमएसडब्ल्यू झालंय. इंग्लंडात या कामाला सगळीकडे सारखा आणि वेळेवर पगार मिळतो का, आणि एजंट लाखो रुपये घेऊन केअर वर्करचा व्हिसा देतो म्हणतो तो घ्यावा का, असं विचारलंत.

आधी एजंटचं. एक रुपया देऊ नका. २२ जुलै २०२५ पासून परदेशातून नवे केअर वर्कर (म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करणारे) घेणं ब्रिटननं बंद केलंय.

सोशल वर्करचं काम वेगळं. इथे ते नाव लावायलाच नोंदणी लागते; इंग्लंडपुरती 'सोशल वर्क इंग्लंड'कडे. ते अभ्यासक्रम आणि फील्डवर्क दोन्ही तपासतात. म्हणून फील्डवर्कच्या तासांचं पत्र कॉलेजातून सही-शिक्क्यानिशी आत्ताच काढून ठेवा. इथून फोन करून ते मिळवणं म्हणजे डोकेदुखी.

आता पगार. बहुतेक काउन्सिलांत (म्हणजे स्थानिक पालिकांत) वेतनाची एकच राष्ट्रीय शिडी चालते. वर्षाला एक पायरी, ग्रेड संपेपर्यंत. शिवाय एप्रिलची वाढ. २०२५ ची ३.२ टक्के वाढ जुलैत ठरली, पण एप्रिलपासूनचा फरक मिळाला. माझी आई आर्णीकडे अंगणवाडी सेविका होती. वजनं, आहार, सर्वे, सगळं करून हाती मानधन, तेही कधी दोन-दोन महिने लांबायचं आणि किराण्याची उधारी वाढायची. २०१८ मध्ये केंद्रानं ठरवलेली रक्कम ३,००० वरून ४,५०० केली, तरी नाव मानधनच राहिलं. फरकाचं फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मागचा फरकबी देते? मोर्चा न काढता?" (युनियनला इथेही भांडावंच लागतं, हे तिला सांगितलं नाही.)

पण 'सारखा' म्हणाल तर तसं नाही. शिडी एक असली तरी कोणतं काम कुठल्या पायरीवर, हे प्रत्येक काउन्सिल स्वतः ठरवते. शेजारच्या गावात त्याच कामाला जास्त मिळू शकतं. आणि घरोघरी जाणाऱ्या केअर वर्करांचे हाल विचारू नका. दोन घरांमधल्या प्रवासाचा वेळ किमान वेतनात धरायचा असा कायदा आहे, तरी काही कंपन्या फक्त घरातली मिनिटं मोजतात.

ऑफर आली की ग्रेडसोबत पायरीचा आकडाही लिहून मागा, आणि तुमच्या अनुभवाची वर्षं धरली का ते सही करण्याआधी विचारा. मी विचारलं नव्हतं. यवतमाळातली सहा वर्षं बाजूला राहिली, तळाच्या पायरीवर लागले. नंतर मेल केला, तर उत्तर आलं: करारावर तुमची सही आहे.