सोलापुरात शाळेजवळचा रस्ता चालण्याजोगा करायचाय. नियोजनात मुलांना कसं घ्यायचं?

वर्गात बसवून 'स्वप्नातलं सोलापूर' काढायला लावू नका. कारंजी मिळतील, अडचण कळणार नाही. त्यांच्यासोबत रस्त्यावरूनच चालत फिरा: आठ-दहा मुलं, दोन मोठी माणसं आणि शाळेभोवतीचा ५०० मीटरचा पट्टा पुरे. वेळ शाळा सुटण्याचीच घ्या, रविवारी रस्ता रिकामा असतो. हातात खडू, मोजायची टेप, नकाशा. मूल अडलं किंवा फूटपाथवरून खाली उतरलं की तिथे खूण करा, कारण त्याच्याच शब्दांत लिहा. मोठ्यांनी मध्ये बोलू नये, नाहीतर मुलं त्यांचंच उत्तर देतात. फूटपाथ किमान १.८ मीटर मोकळा हवा, कड १५ सेंटीमीटरपेक्षा उंच नको (रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेचा निकष). शिवाय स्वतः वाकून ९५ सेंटीमीटरवरून बघा: उभ्या रिक्षेआडून येणारी दुचाकी तीन वर्षांच्या मुलाला दिसतच नाही. आपल्याकडचं ऊन बघता सावलीचे टप्पेही मोजा. मापं, फोटो जोडून महापालिकेच्या झोन कार्यालयात अर्ज द्या. आधी एकच मागणी, गेटसमोरचं पार्किंग हटवण्याची.