२०१५ च्या लॅपटॉपवरील विंडोज १० बदलून विंडोज ११ घ्यावे का?

लॅपटॉप २०१५ सालचा असून विंडोज १० सुरळीत चालते, तरी विंडोज ११ बसवावे का, असे आपण विचारले आहे. विंडोज १० चे नियमित मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, त्यामुळे ज्यावरून बँकेचे व्यवहार होतात असा संगणक आहे तसाच चालू ठेवणे मला धोक्याचे वाटते. मात्र विंडोज ११ साठी टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षा-चिपची सोय) आणि, इंटेलचा प्रोसेसर असल्यास, साधारणपणे आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, जो २०१५ च्या यंत्रात असणे शक्यच नाही. ही अट टाळून ते बसवण्याच्या युक्त्या आहेत. परंतु अशा यंत्राला पुढील अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, म्हणून त्या वाटेने जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. त्याऐवजी लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी वापरता येणारी मोफत प्रणाली पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहावे, म्हणजे डिस्कवरील मजकुराला हात न लावता वाय-फाय, आवाज आणि प्रिंटर चालतात का, हे समजेल. जुनी फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवावी. वेगातला खरा फरक तिथेच जाणवतो. मात्र त्याआधी सर्व फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी आणि ती दुसऱ्या संगणकावर उघडते ना, हे अवश्य पाहावे.