इंग्रजीचे विनोद वर्गात नेताना

चिरंजीव मुली,

अनेक आशीर्वाद. आठवीला इंग्रजी शिकवताना व्याकरणावरचे विनोद सांगितले तर चालतील का, असं विचारलंस. चालतील काय, धावतील! फक्त निवडून घे.

आजीचा विनोद तुला ठाऊक असेलच. 'लेट्स ईट, ग्रँडमा', म्हणजे चल आजी, जेवूया. स्वल्पविराम काढला की नातवंडं आजीलाच खायला निघतात. मुलं खो खो हसतील, पण एखादं चुणचुणीत पोर विचारेल, 'असा अर्थ खरंच कोण घेतं?' प्रश्न रास्त आहे. त्याला अमेरिकेतल्या मेन राज्यातला ओकहर्स्ट डेअरीचा खटला सांग.

तिथल्या कायद्यात नाशवंत खाद्यपदार्थांच्या कोणत्या कामांना ओव्हरटाइम मिळणार नाही, याची यादी होती. डबाबंद करणं, गोठवणं, वाळवणं, साठवणं अशी कामं आणि शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'शिपमेंट'नंतर स्वल्पविराम नव्हता. मग वगळलं काय? पाठवणीसाठी किंवा वाटपासाठी माल बांधणं, एवढंच? की बांधणं हे एक काम आणि वाटप हे दुसरं? डेअरीचे ड्रायव्हर म्हणाले, आम्ही माल बांधत नाही, नुसता पोचवतो, आमचे पैसे द्या. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने कायदा संदिग्ध आहे असं म्हणत कौल ड्रायव्हरांच्या बाजूने दिला. निकालाची सुरुवातच 'एका स्वल्पविरामापायी हा खटला उभा राहिला' अशा अर्थाच्या वाक्याने आहे. पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. यादीतले ते शेवटचे शब्द फळ्यावर लिही. स्वल्पविराम घाल, पूस, पुन्हा घाल आणि दर वेळी विचार: ड्रायव्हरला पैसे मिळाले की बुडाले? विरामचिन्हांचा धडा वेगळा घ्यावा लागणार नाही.

माझा सगळ्यात लाडका विनोद स्पेलिंगचा. जी-एच-ओ-टी-आय. 'इनफ'मधला जी-एच म्हणजे फ, 'विमेन'मधला ओ म्हणजे इ, 'नेशन'मधला टी-आय म्हणजे श. झाला 'फिश'! हा नाटककार बर्नार्ड शॉच्या नावावर खपवला जातो, पण तो १८५५ च्या एका पत्रात सापडतो आणि शॉ जन्मला १८५६ ला.

लिहू तसं वाचायची सवय असलेल्या आपल्या मुलांना स्पेलिंग चुकलं की आपलंच डोकं कमी वाटतं. हा विनोद ऐकून त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. पण दुसऱ्या दिवशी त्यातली मेख उलगडून दाखव. शब्दाच्या सुरुवातीला जी-एचचा फ कधीच होत नाही, 'घोस्ट' बघ. टी-आयचा श होतो तो पुढे स्वर असताना, 'पेशंट'सारखा. म्हणजे वरवर बेशिस्त दिसणाऱ्या स्पेलिंगलाही शिस्त आहे, आणि मुलांनी ती हसता हसता शोधलेली असेल. कुणी खोदून विचारलंच तर सांग, 'नाइट'मधला जी-एच एके काळी घशातून खरखरत उच्चारला जायचा. छपाई आल्यावर स्पेलिंग हळूहळू ठरून गेलं, बोलणं मात्र बदलत राहिलं.

चुकलेल्या पाट्यांचे विनोद मात्र वर्गाच्या दाराबाहेर ठेव. इंग्लंडमध्ये भाजीवाल्यांची अशीच टिंगल होते, कारण ते 'बनानाज'सारख्या अनेकवचनातही अपॉस्ट्रफी घालतात. खरं तर स्वरान्त परक्या शब्दांच्या अनेकवचनात अपॉस्ट्रफी घालणं अठराव्या शतकात चांगल्या शिकलेल्या लोकांतही चालत होतं. आपल्याकडे वडापावच्या गाडीवरचं, गॅरेजच्या पाटीवरचं इंग्रजी मोबाइलवर फिरत असतं. तो फोटो तू वर्गात दाखवलास आणि ती पाटी ज्याच्या वडिलांनी रंगवली तो मुलगा तिसऱ्या बाकावर बसलेला असला तर? तो पुन्हा तुझ्या तासाला तोंड उघडणार नाही. हसायचं ते भाषेच्या चमत्कारिकपणाला, शिकणाऱ्याला नव्हे. यात मी तुला काडीचीही सूट देणार नाही.

'टेन्स' म्हणजे काळ आणि 'टेन्स' म्हणजे ताणाखालचा, अशा कोट्या करणारे विनोद दहावीसाठी राखून ठेव. ज्याला दोन्ही अर्थ माहीत नाहीत, त्याला विनोद समजावून सांगताना तास संपतो आणि हसू येतच नाही.

पुढच्या आठवड्यात मुलांना स्वतःच दोन-दोन वाक्यं रचायला लाव, स्वल्पविरामाने अर्थ उलटणारी. मराठीत केली तरी घे. त्यातली चांगली मला पाठव.

तुझे,
सर