डिझेलमधलं पाणी: आधी फिल्टरचा तळ बघा

तुमचा प्रश्न मला असा कळला. मुळशीकडून येताना डिझेल भरलं, चांदणी चौकापर्यंत मीटरमध्ये फिल्टरचा पिवळा दिवा लागला, गॅरेजवाल्याने पाणी काढून दिलं. वर सल्ला दिला की जादा वॉटर सेपरेटर, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं करणारं भांडं, बसवा आणि दर वेळी टाकीत पाण्यावरचं औषध टाका. गाडी २०२१ ची डिझेल थार, ऑक्टोबरात हिमाचलात स्पितीला जायचंय, डिझेलचे दोन कॅन सोबत नेण्याचा विचार आहे.

सेपरेटर आत्ता नको. औषध तर नकोच. कॅन चालतील, पण त्यांच्याबद्दल शेवटी बोलतो.

त्याआधी त्या गॅरेजवाल्याला एक विचारा: फिल्टरमधून निघालं किती? दोन-चार चमचे निघाले असतील तर फिल्टरने त्याचं काम केलं, विषय मिटला. कपभर निघालं असेल, किंवा पुन्हा दिवा लागला असेल, तर पाणी टाकीत अजून आहे. मग टाकी उतरवून साफ करायची, फिल्टर नवा टाकायचा आणि मगच पुढचा विचार. नुसतं वरचेवर काढत बसून टाकीचा तळ कोरडा होत नाही.

तो दिवा कसा चालतो ते समजलं की निम्मी भीती जाते. पाणी डिझेलपेक्षा जड, त्यामुळे फिल्टरच्या भांड्यात तळाशी बसतं. तिथे सेन्सरची दोन टोकं असतात. डिझेलमधून वीज जात नाही, पाण्यातून जाते. पाण्याची पातळी त्या टोकांपर्यंत आली की दिवा. म्हणजे दिवा लागला तेव्हा पाणी अजून फिल्टरातच आहे, पुढे गेलेलं नाही. पण जागा भरत आलीय. ‘घरी जाऊन बघू’ म्हणत ताम्हिणी चढवायची ती वेळ नव्हे.

चावी ऑन केल्यावर बाकीच्या दिव्यांबरोबर हाही क्षणभर लागून विझतो का, ते बघत जा. फिल्टर बदलताना सेन्सरचा कनेक्टर परत लावायला विसरलेली पोरं सगळ्या गॅरेजांत असतात, आणि मग पाणी असो नसो, काही गाड्यांत तो दिवा मुकाच राहतो.

एवढं जपायचं कारण प्रेशर. कॉमन रेलमध्ये, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरांना पुरवठा करणाऱ्या नळीत, डिझेल १६०० बार आणि त्याहून जास्त दाबाने जातं. हा दाब देणाऱ्या इंजिनाच्या पंपाच्या आतल्या भागांमधली फट काही मायक्रॉनची, आणि त्यांना वंगण म्हणून वेगळं ऑइल नाही, डिझेलच वंगण. तिथे पाणी आलं की धातूवर धातू घासतो, मग तो कीस रेलमधून चारही इंजेक्टरांत. इंजेक्टरच्या गरम टोकाशी पाण्याची झटक्यात वाफ होते आणि टोकच खराब होतं. गाडी चार दिवस उभी राहिली तर गंज वेगळा. पंप, रेल, इंजेक्टर असा सगळा संच बदलायची वेळ आली तर बिल लाखाच्या पुढे सहज जातं, आणि खराब इंधनाने झालेलं नुकसान कंपनीच्या वॉरंटीत सहसा बसत नाही. जुन्या कमांडर, जुन्या बोलेरो पाणी पिऊन धूर सोडत घरी यायच्या, ते दिवस गेले.

पाणी काढायला स्वतः शिका, काम पाच-दहा मिनिटांचं आहे. इंजिन बंद आणि थंड. फिल्टर कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. त्याच्या तळाला ड्रेन स्क्रू असतो. खाली पारदर्शक बाटली धरा, प्यायच्या पाण्याची रिकामी चालते, फक्त आतून कोरडी हवी. स्क्रू अर्धा ते एक आटा सैल करा. काही येत नसेल तर वरचा हातपंप दाबा, आत हवेची पोकळी धरलेली असते. आधी गढूळसर, पांढुरकं येतं, मग मध्येच थेंबांची चमक बदलते आणि पिवळट डिझेल सुरू होतं. तरी थोडं जास्तच जाऊ द्या. स्क्रू हातानेच घट्ट करायचा, पान्याने पिळलात तर प्लॅस्टिकचे आटे जातात. मग हातपंप कडक लागेपर्यंत मारा, नाहीतर लाइन एअर पकडते आणि गाडी चालू होऊन लगेच बंद पडते.

ती बाटली लगेच फेकू नका. दहा-पंधरा मिनिटं टेबलावर स्थिर ठेवा. खाली पाणी, वर डिझेल, मधली रेघ स्वच्छ दिसते. शंका वाटली तर चिमूटभर जिलबीचा रंग टाका: डिझेलमधून भुकटी तशीच खाली जाते, पाण्याला लागली की रंग पसरतो. मधल्या रेघेवर तपकिरी, शेवाळासारखा चिकट थर दिसला तर तो कचरा नाही, जिवाणू आणि बुरशी आहे. पाणी आणि डिझेलच्या सीमेवरच ती वाढते आणि फिल्टर चोंदवते. असं दिसलं की टाकी साफ करण्यावाचून इलाज नाही.

आता पाणी येतं कुठून. सगळे सांगतात, टाकी अर्धी ठेवू नका, हवेतली वाफ आत थंड होऊन पाणी होतं. खरं आहे, पण आकडा बघा. थारची टाकी ५७ लिटरची. अर्धी रिकामी म्हणजे २८ लिटर हवा. ३० अंशांना पूर्ण दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये साधारण ३० ग्रॅम वाफ मावते, म्हणजे त्या २८ लिटरमध्ये एक ग्रॅमही नाही. उलट बीएस-६ डिझेलला प्रति किलो २०० मिलिग्रॅमपर्यंत पाण्याची मुभा मानकातच आहे. भरलेल्या टाकीत ते नऊ ग्रॅमच्या आसपास होतं! चोख डिझेल भरलं तरी थोडं पाणी येणारच, आणि डिझेल थंड झालं की विरघळलेल्यातलं काही वेगळं होऊन खाली बसणार. फिल्टरचा तळ वेळच्या वेळी रिकामा करायचा तो म्हणून. गाडी पावसाळाभर पार्किंगमध्ये झाकून ठेवणार असाल तर टाकी भरलेली ठेवा, रोज चालवणाऱ्याने त्याचा बाऊ करू नये.

कपभर पाणी येतं ते दोन ठिकाणांहून. एक, पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी. पावसात तिच्या मॅनहोलमध्ये पाणी साठतं, झाकणाची सीलं जुनी असली की आत झिरपतं. एरवी ते तळाशी निपचित असतं, कारण उपसणारा पाइप तळापासून थोडा वर असतो. टँकर रिकामा होताना मात्र सगळं ढवळून निघतं. पंपावर टँकर लागलेला दिसला की पुढच्या पंपावर जा, हा नियम मी पाळतो. आणि ज्या पंपावर एसटी, ट्रक रांगेने भरतात तिथेच भरा, तिथला साठा पडून राहत नाही. संशय आला तर घनता तपासायला सांगा, तो ग्राहकाचा हक्क आहे, पण घनता दाखवणाऱ्या हायड्रोमीटरपेक्षा काचेच्या जारचा तळ बघा. मोकळं पाणी आकड्यात कळत नाही, तळाशी दिसतं. फिल्टर पेपरची चाचणी पेट्रोलची, डिझेलला उपयोग नाही. इथेनॉलमुळे पाणी येतं ही चर्चाही पेट्रोलवाल्यांची. आपण त्यात पडायचं कारण नाही.

दुसरं ठिकाण आपल्या हौसेचं. टाकीला श्वास घ्यायला ब्रीदर पाइप असतो. तासभर चढ चढून तापलेली गाडी पानशेतच्या मागे एखाद्या गार ओढ्यात घातली की टाकीतली हवा आकसते आणि ब्रीदरचं टोक पाण्याखाली असेल तर आत पाणी ओढलं जातं. थार ६५० मिलिमीटर खोल पाण्यातून जाते असं कंपनी सांगते, ते गाडी धड असेल तर. ब्रीदरचं टोक उंच नेऊन घ्या, झाकणाचं रबर चिरलंय का बघा. लोक इंजिनाची हवा उंचावरून घेणारा हजारो रुपयांचा स्नॉर्केल लावतात आणि ही नळी विसरतात. ॲक्सलचे ब्रीदरही त्याच वेळी बघून घ्या.

२५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं, तशी गाडी पार्किंगमध्ये बुडाली तर सेल्फ मारायचाच नाही. बॅटरी काढा, फ्लॅटबेडवर न्या. इंजिन ऑइल आणि एअर फिल्टरइतकंच टाकीतलं डिझेलही तपासायला सांगा, हे मेकॅनिकच्या यादीत बहुधा नसतं.

औषधाला नाही का म्हटलं? बाजारातली बरीच औषधं पाण्याचे बारीक कण करून ते डिझेलमध्ये मिसळतात. म्हणजे जे पाणी फिल्टरच्या तळाशी बसायचं ते फिल्टरमधून पार होऊन थेट इंजेक्टरात. सेन्सरलाही पत्ता लागत नाही. पाणी वेगळं करणारी औषधंही असतात, पण बाटलीवर वाचून खात्री होईपर्यंत हात लावू नका.

जादा सेपरेटर वाईट नाही. पण तो ओढणाऱ्या बाजूला, म्हणजे इंजिनाच्या पंपाच्या आधी, बसतो, एक जोड जरी सैल राहिला तरी हवा ओढली जाते आणि घाटात गाडी मिसिंग करायला लागली की कारण सापडत नाही. शिवाय वॉरंटीत असाल तर वादाला निमित्त. महिनोन्‌महिने अनोळखी पंपांवर फिरणाऱ्याने, नीट मापाचा, पारदर्शक भांड्याचा बसवावा. तुमच्या सहलीला त्याच पैशात दोन अस्सल फिल्टर घ्या. एक निघण्याआधी टाका, एक गाडीत ठेवा, आणि बदलायला शिकून जा.

आता कॅन. स्पितीतल्या काझा गावी पंप आहे, त्यामुळे दोन लागतील असं नाही, एक पुरे. पाण्याचा किंवा तेलाचा जुना कॅन नको, नवा घ्या, आतून सुकवा. टपावर ठेवलात तर झाकण पावसात पाणी धरतं, म्हणून उघडण्याआधी कोरडं पुसा. ओतताना जाळीचं नरसाळं, आणि तळाचं शेवटचं अर्धा लिटर टाकीत ओतायचंच नाही. ऑक्टोबरात तिथे रात्री शून्याखाली जातं. सकाळी गाडी चालू होऊन दोन मिनिटांत दम तोडायला लागली तर लोक म्हणतात डिझेल गोठलं. डिझेल थंडीत मेण धरतं हे खरं, पण फिल्टरच्या तळाचं पाणीही बर्फ होतं. म्हणून काझाला पोचल्यावर संध्याकाळीच, फिल्टर कोमट असताना, पाणी काढून टाका. सकाळी तो स्क्रू हलणार नाही.