हँड ब्लेंडर घेताना वॅट बघू की आणखी काही?

तुम्ही विचारलंय की घरात दोनच माणसं आहेत, ओटा लहान आहे, तर हँड ब्लेंडर ४०० वॅटचा पुरेल की ८०० वॅटचा घ्यावा, आणि सोबत चॉपर, इलेक्ट्रिक किटली वगैरे घ्यावी का. मी नऊ वर्षं जवळजवळ रोज हँड ब्लेंडर वापरतेय. सध्याचा दुसरा आहे. पहिला कसा गेला ते आधी सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यातच आहे.

पहिला चांगला ताकदवान होता. दोनेक वर्षांनी एके दिवशी टोमॅटोच्या सूपमध्ये बुडवून बटण दाबलं, तर मोटर नुसती घुरघुरली आणि पातं जागचं हललं नाही. मला वाटलं, मोटर जळली. दुरुस्तीवाल्या काकांनी दांडा काढून दाखवला. मोटरचा फिरणारा भाग दांड्यात बसतो तिथे नखाएवढा प्लॅस्टिकचा दातेरी तुकडा असतो, कपलर म्हणतात त्याला. त्याचे दाते झिजून पार गुळगुळीत झाले होते. हा तुकडा प्लॅस्टिकचा ठेवण्यात फायदाही असतो. पात्यात काही अडकलं की आधी तो तुटतो आणि मोटर वाचते. माझीही मोटर ठणठणीत होती! पण कंपनी तेवढा तुकडा वेगळा विकत नव्हती, आणि अख्खं यंत्र टाकून द्यावं लागलं. मला त्याचं अजून वाईट वाटतं. म्हणून दुसरा घेताना दुकानात पहिला प्रश्न हाच विचारला, की कपलर आणि दांडा सुटे मिळतात का. तुम्हीही हाच विचारा.

आता वॅट. खोक्यावरचा आकडा मोटर किती वीज ओढते ते सांगतो. त्यातला किती जोर पात्यापर्यंत पोचतो, ते त्यावरून कळत नाही. सूप, शिजलेल्या भाज्या, मऊ फळं एवढंच करायचं असेल तर ४०० वॅट दोघांना भरपूर झाले. गोठवलेली फळं किंवा बर्फ नेहमी लागणार असेल तरच वर जा, आणि तेव्हाही तो ब्लेंडर बर्फासाठी चालतो असं माहितीपुस्तिकेत लिहिलंय का ते बघा. त्याच पुस्तिकेत आणखी एक ओळ शोधा, ती मला वॅटपेक्षा महत्त्वाची वाटते. सलग किती वेळ चालवायचा आणि मग किती वेळ थांबायचं, ती ओळ. बऱ्याच ब्लेंडरना सलग मिनिटभराचीच मुभा असते. मुठीत मावणारी ती मोटर फार वेगाने फिरते आणि पटकन तापते. न थांबता दामटली तर जास्त वॅटची मोटरसुद्धा जळते.

दांडा स्टीलचाच घ्या, कारण तो गरम पातेल्यात जाणार. हँड ब्लेंडरचं खरं सुख तेच आहे. १९५० साली स्वित्झर्लंडमध्ये रोजे पेरिंजाके यांनी त्याचं पेटंट घेतलं, तेव्हापासून मूळ कल्पना तीच आहे, यंत्रच भांड्यात न्यायचं. गरम सूप मिक्सरच्या बंद भांड्यात फिरवलं की वाफ कोंडते आणि झाकण उडून अंगावर येऊ शकतं. इथे ती भीती नाही. मात्र पातं पूर्ण बुडल्याशिवाय बटण दाबू नका आणि बंद केल्याशिवाय वर उचलू नका, नाहीतर उकळते शिंतोडे हातावर येतात. दांडा थोडा तिरका धरून आत घाला, म्हणजे पात्याखाली हवा अडकत नाही.

दुकानात तो हातात धरून मिनिटभर बटण दाबून ठेवा. मनगटाला ओझं वाटलं तर बाकी कितीही चांगला असला तरी घेऊ नका.

काही कामं त्याची नाहीतच. कोरडं दळण त्याला जमत नाही, ते रोज लागत असेल तर आधी मिक्सर घ्या. आणि उकडलेले बटाटे त्याने कधीच कुस्करू नका. पातं इतक्या वेगाने फिरतं की बटाट्यातला सगळा स्टार्च सुटतो आणि चिकट, रबरासारखा गोळा हाती येतो. त्याला हाताचं मॅशरच बरं.

सोबत मिळणाऱ्या गोष्टींत चॉपरची वाटी नक्की घ्या, दोघांपुरता कांदा आणि सुका मेवा त्यात होतो. फेटणी अंडी आणि क्रीमसाठी उपयोगी. बाकीच्या चकत्या-बिकत्या कपाटात पडून राहतात.

किटली लिटरभराची पुरेल. १५०० वॅटची किटली लिटरभर पाणी साधारण चार मिनिटांत उकळते. तोंड हात आत जाईल एवढं रुंद असावं, आतला पांढरा थर काढता येतो. बहुतेक किटल्या वाफेच्या उष्णतेने आपोआप बंद होतात, म्हणून झाकण उघडं ठेवलं तर ती उकळतच राहते. किटली आणि टोस्टर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर मात्र लावू नका.

ब्लेंडर धुताना उंच भांड्यात कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब घेऊन दहा सेकंद फिरवा, पातं स्वच्छ होतं. बोट लावायचंच असेल तर आधी प्लग काढा, प्रत्येक वेळी. मोटरचा भाग पाण्याखाली धरू नका.

नवा आणलात की पहिल्या दिवशी गरम पाण्यात फिरवून बघा. पाण्यावर तेलकट तवंग आला तर दांड्यातलं वंगण बाहेर येतंय. २०१७ साली स्टॉकहोम विद्यापीठातल्या संशोधकांनी १२ हँड ब्लेंडर तपासले, त्यांतल्या ८ मधून क्लोरिनेटेड पॅराफिन ही रसायनं गळत होती. म्हणजे नुसतं धुऊन वापरायला घ्यावं अशी ही गोष्ट नाही. तवंग दिसला तर बदलून घ्यायची मुदत आहे तोवरच परत करा, आणि बिल तोपर्यंत जपून ठेवा.