फी भरतोय, पण मुलगी फोनच उचलत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही मूळचे कोल्हापूरचे, नोकरीला पुण्यात. इथल्या, म्हणजे कोल्हापुरातल्या, एका मुस्लिम घरातल्या मुलीची बी. फार्मसीची फी भरता. पहिल्या सेमिस्टरला तिचे दोन विषय राहिले आणि तेव्हापासून ती फोन उचलत नाही. तिला मोटिव्हेट कसं करावं?

मी स्वतः दुसऱ्याच्या पैशावर शिकलोय, म्हणून आधी तिच्या बाजूचं सांगतो. ती लाजलीय, बाकी काही नाही. शाहूपुरीतले एक गुळाचे अडते माझी फी भरायचे. नववीच्या सहामाहीला गणितात गचकलो, तर दोन महिने त्यांच्या दुकानावरून जाणंच सोडलं, लांबचा वळसा घालून घरी यायचो. शेवटी त्यांनीच दिवाणजीला पाठवून बोलावून घेतलं. प्रगतिपुस्तकाचं नाव नाही. वहीचं एक पान पुढं सरकवून म्हणाले, "एवढी बेरीज बघ रं, दिवाणजीचा चष्मा घरी राहिलाय." तेरा रुपयांची चूक निघाली. शेठनी लाल शाईनं दुरुस्त केली आणि दिवाणजीला माझ्यादेखत सांगितलं, "दर शनिवारी ह्याला दाखवत जा." त्यानं गणित सुटलं असं काही नाही, दहावीलाही काठावरच पास झालो. पण दुकानाची पायरी चढायला मला कारण मिळालं. तोवर मी तिथं फक्त हात पसरायला जात होतो.

तुम्हीही असं काहीतरी काढा. घरी वडीलधाऱ्यांच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं पाठवून विचारा, "यातली कुठली कशासाठी, वाचून सांगशील?" सल्ला डॉक्टरांचाच घ्यायचा, पण तिला पुस्तक उघडायला निमित्त होतं.

आता फोनचं. तुम्ही ऑफिस सुटल्यावर, आठ-नऊला करत असाल. दोन खोल्यांच्या घरात त्या वेळी अब्बा, भाऊ, दादीमा सगळे असतात आणि सगळ्यांसमोर मार्क सांगायचे. शिवाय पुण्याचा कोण माणूस रोज फोन करतो, हे शेजारी विचारतात. (हे फक्त आमच्या मोहल्ल्यात नाही हो, कुठल्याही पेठेत जाऊन बघा.) फोन तिच्या अम्मीला करा, किंवा तुमच्या घरच्यांना करू द्या. रमजानात इफ्तारीची वेळ टाळा.

आम्ही काही मित्र आता मुलांच्या फिया भरतो. पहिल्या वर्षी हौसेनं कार्यक्रम घेतला: हार, माईक आणि पुठ्ठ्याचा भला मोठा चेक. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला आणि एका पोराला वर्गात 'ए चेक' अशी हाक पडली ती वर्षभर. तो आमच्याशी नीट बोलेना, आम्हाला वाटलं पोरगा माजलाय! आता पैसे गुपचूप कॉलेजच्या खात्यावर जातात. आणि "मुस्लिम असून मुलगी शिकतेय" हे कौतुक तेवढं करू नका. ते बोचतं.

विषय का राहिले, तेही बघा. तिची शाळा उर्दू किंवा मराठी माध्यमाची असेल, घरी दखनी बोलत असतील आणि फार्मसीची पुस्तकं सगळी इंग्रजीत. बऱ्याचदा केमिस्ट्री जड नसते, वाक्य जड असतं. पुढच्या वर्गातली एखादी मुलगी आठवड्यातून दोनदा शिकवायला मिळाली तर तिला पैसे द्या. आणि अभ्यासिकेत जागा घेऊन द्या. शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा बोर्डिंग काढलं आणि 1906 मध्ये मुस्लिमांची शिक्षण संस्था काढून तिचं अध्यक्षपद स्वतः घेतलं. दसरा चौकातलं मुस्लिम बोर्डिंग त्यातलंच. पोरांना राहायला, जेवायला आणि दिव्याखाली बसायला जागा नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. आजही अडतं ते तिथंच.

कागदपत्रांत मात्र तुमच्यासारख्या शिकलेल्या माणसानं लक्ष घालाच. केंद्रानं 2022 मध्ये पहिली ते आठवीची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती बंद केली, पीएचडी करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिपही गेली, त्यामुळे 'मुसलमानांना सगळं फुकट मिळतं' या भ्रमात राहू नका. पण बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी या जमाती महाराष्ट्रात ओबीसीत आहेत. जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. म्हणजे तुम्ही भरताय ती फी कदाचित भरावीच लागणार नाही. गोम एवढीच, की ओबीसीच्या दाखल्याला 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा जातीचा पुरावा लागतो आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर बहुतेकदा नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. मग चुलत आजोबा, पणजोबा, गावची जुनी शाळा असं हुडकत जायचं. एका घरात तो उतारा गव्हाच्या कणगीमागच्या पत्र्याच्या पेटीत सापडला, सोबत पणजोबांच्या फळगाड्याची पावती. फी वाचली तर तोच पैसा अभ्यासिका, शिकवणी आणि बसच्या पासाला वळवा.

या आठवड्यात मार्क विचारू नका. अम्मीला फोन करा आणि राहिलेल्या दोन विषयांचा परीक्षा फॉर्म भरलाय का, एवढंच विचारा. त्याची तारीख गेली की पुढचं सगळं लांबतं.